गिअर ऑइल घरी बदलताना चिक्कूपणा कुठे करावा

नट दोन, तेल दोन-अडीच लिटर आणि रविवारची सकाळ. मॅन्युअल गिअरची छोटी गाडी असेल तर गिअर ऑइल बदलायला एवढंच लागतं. तरीही दहा-बारा वर्षं चाललेल्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये कारखान्यातून आलेलं तेल तसंच सापडतं. इंजिन ऑइलची आठवण सर्व्हिसिंगवाला करून देतो, याची कुणी देत नाही. आणि गिअरबॉक्स बिचारा तक्रारही उशिरा करतो.

मी माझ्या जुन्या वॅगनआरवर हे काम करतो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांना बहुतेक लागू पडेल: ऑल्टो, स्विफ्ट, आय-टेन, टियागो या जातीच्या. गाडी सीव्हीटी किंवा पूर्ण ऑटोमॅटिक असेल तर हे काम घरी करू नका. तिथे तेलाची पातळी ठरावीक तापमानाला मोजावी लागते, तेलही त्याच गिअरबॉक्ससाठी बनवलेलं लागतं, आणि चुकलं तर चूक परवडत नाही. एएमटीचं मात्र वेगळं आहे. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर मारुतीने जो प्रकार आणला, त्यात आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. क्लच आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. त्या यंत्राचं हायड्रॉलिक तेल वेगळं असतं, त्याला हात लावायचा नाही.

दुखणं तेलाचंच आहे ना?

थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकताना हाताला अडथळा लागतो आणि चार-पाच किलोमीटरनंतर तो सुरळीत पडायला लागतो, हे जुन्या तेलाचं लक्षण असू शकतं. पण आधी एक फुकटची चाचणी करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. तेल बदलून तिथे काही होणार नाही.

किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. कुठे 40 हजार असतं, कुठे त्याच्या दुप्पट. मात्र गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते, तिच्यातून पाणी आत जातं. 2019 च्या ऑगस्टमधला कोल्हापूर-सांगलीचा पूर आठवा; अशा पाण्यातून निघालेल्या गाडीचं गिअर ऑइल ताकासारखं पांढुरकं होऊन बाहेर येतं.

तेल: इथे चिक्कूपणा नको

दुकानात जाऊन नुसतं "नव्वद नंबरचं गिअर ऑइल द्या" म्हणालात तर दुकानदार जे जास्त खपतं ते हातात ठेवेल. ते ट्रकच्या किंवा जीपच्या मागच्या डिफरन्शियलसाठीचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या गिअरांच्या पेटीसाठीचं असू शकतं. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात.

पहिली गोष्ट दर्जा: जीएल-4 की जीएल-5. मागच्या डिफरन्शियलमध्ये दाते एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना प्रचंड दाब सोसणारं जीएल-5 लागतं; त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. आपल्या गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा असतात. गिअर पडण्याआधी दोन चाकांचा वेग जुळवायचं काम त्या घर्षणाने करतात. तेल फार बुळबुळीत असेल तर रिंग नुसतीच घसरत राहते, आणि ती रसायनं पितळालाही बाधू शकतात. "पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणजे भारी" हा हिशोब इथे चालत नाही. पुस्तकात जीएल-4 लिहिलंय तर जीएल-4 घ्या.

दुसरी गोष्ट जाडी: 75डब्ल्यू-80, 75डब्ल्यू-90, 80डब्ल्यू-90. "एवढं जाड?" म्हणून घाबरू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा निराळी आहे. गिअरचं 90 हे साधारण इंजिनच्या 40-50 च्या आसपास येतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. रत्नागिरीत त्याने फार फरक पडणार नाही, निफाडला डिसेंबरच्या पहाटे पडेल. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा मात्र सगळीकडे पाळायचा. 80 सांगितलं असताना "जरा जाड बरं" म्हणून 90 भरलं की गिअर जडच होतात. होंडासारख्या काही कंपन्यांचं मॅन्युअल गिअरसाठी स्वतःचं तेल असतं, त्याला एमटीएफ म्हणतात. तिथे पुस्तकाबाहेर जाऊ नका.

बाकी कंपनीच्या शिक्क्याचाच डबा हवा असं काही नाही. दर्जा आणि आकडा जुळला की नावाजलेल्या कुठल्याही तेल कंपनीचं चालतं. पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं जास्त आणा, कारण पहिल्या वेळी थोडं तरी सांडतंच.

हत्यारं आणि जागा

इथे हवा तेवढा चिक्कूपणा करा. मात्र खरेदीला निघण्याआधी गाडीखाली वाकून नट बघा. कुठे बाहेरून पाना लागणारा षटकोनी नट असतो, तर कुठे चौकोनी खाच असते आणि तिच्यात रॅचेटचं टोकच बसतं. मापाचा एक चांगला पाना पुरे, अख्खा संच नको. पुण्यात असाल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात असे सुटे पाने स्वस्तात मिळतात. नटाखालचा वॉशर नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळून जातो.

तेल झेलायला पाच लिटरचा रिकामा कॅन आडवा ठेवून एक बाजू कापा, झाला ट्रे. भरायला पंप विकत घेऊ नका. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी दीड मीटर आणि एक नरसाळं, बस्स.

एका गोष्टीत मात्र पैसे वाचवायचे नाहीत, ती म्हणजे जॅक स्टँडची जोडी. स्टेपनी बदलायला गाडीबरोबर येतो तो जॅक गाडी उचलायला आहे, धरून ठेवायला नाही. विटा, पेव्हर ब्लॉक, दगड हे वजनाखाली न सांगता फुटतात. त्यांच्यावर ठेवलेल्या गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही.

स्टँड घ्यायचे नसतील तर एक जुगाड सुचवतो. गावाबाहेरच्या वॉशिंग सेंटरवर रॅम्प किंवा लिफ्ट असते. गर्दी नसलेल्या दुपारी मालकाला विचारा. थोडे पैसे घेऊन बरेच जण अर्धा-पाऊण तास देतात. गाडी चारही बाजूंनी सपाट राहते, उभ्याने काम होतं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणीही खावी लागत नाहीत. पार्किंगमध्ये गाडीखाली पाय दिसले की वर तक्रार गेलीच म्हणून समजा.

काम

आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन निघतं. हायवेवरून आल्या आल्या मात्र सुरू करू नका, सायलेन्सरचा पाइप बाजूलाच असतो आणि तो हात भाजतो.

सपाट जागी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. क्लीनर साइडच्या, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा. मग गाडी उचलून दोन्हीकडे स्टँड लावा, पुस्तकात दाखवलेल्या जागीच. जमीन कच्ची असेल तर स्टँडखाली जाड प्लायवूड टाका. गाडी हाताने हलवून बघा. डुलली तर पुन्हा मांडा. मग ते चाक काढा आणि गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. काही झालंच तर गाडी त्याच्यावर बसेल.

आता गिअरबॉक्स ओळखा. अशा बहुतेक गाड्यांत तो क्लीनर साइडला असतो आणि त्याच्यातूनच एक्सल चाकाकडे जातो. ही ओळख नीट पटवा. इंजिनाचा ड्रेन नटही तिथून फार लांब नसतो. तो उघडून इंजिनचं तेल काढायचं आणि गिअरबॉक्समध्ये नवं ओतायचं, असा पराक्रम केलेले लोक आहेत.

गिअरबॉक्सला दोन नट असतात. बाजूला मध्यावर असतो तो भरायचा आणि तळाशी असतो तो काढायचा. आधी भरायचा नट उघडा. तो निघाल्याशिवाय खालच्याला हात लावू नका. वर्षानुवर्षं न हललेला नट कधी कधी निघतच नाही, किंवा त्याची कडा गोल होते. खालून तेल आधीच सोडलेलं असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन तुम्ही रविवारी दुपारी मेकॅनिक शोधत फिरणार, तेही रिक्षाने. नट अडला तर गंजावर मारायचा स्प्रे लावून अर्धा तास थांबा, पाना पूर्ण बसवा आणि झटका न देता दाब द्या.

वरचा निघाला की ट्रे सरकवून खालचा काढा. शेवटचे आटे हाताने फिरवा, तेल पिचकारीसारखं येतं. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर दचकू नका, तो गंधकाचा असतो. निथळायला वीस मिनिटं द्या. चहा घ्या.

तेवढ्या वेळात निघालेला नट बघा. बऱ्याच नटांच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर काजळासारखा राखाडी लेप असेल तर ठीक, तो झिजेचा भुगा आहे. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर आत दाता तुटलेला असू शकतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ट्रेमधल्या तेलावर उजेड टाकून बघा. सोनेरी चमक खूप दिसली तर सिंक्रोनायझरच्या रिंगा झिजताहेत. अशा वेळी नवं तेल भरून गाडी चालेल, पण मोठ्या कामासाठी पैसे बाजूला काढायला लागा.

काढलेलं तेल मापाच्या बाटलीत ओतून किती भरलं तेही बघा. गिअरबॉक्स तेल जाळत नाही. कमी भरलं म्हणजे गळलं आहे, आणि पहिला संशय एक्सलच्या ऑइल सीलवर घ्यायचा.

आत रॉकेल किंवा डिझेल ओतून धुवायचा सल्ला मिळेल. धुऊ नका. ते पूर्ण निघत नाही आणि नवं तेल पातळ करतं.

चुंबक पुसा, नवा वॉशर घाला आणि खालचा नट आधी हातानेच बसवा. ज्या गाडीत वॉशर नसतो तिथे आट्यांना सीलंट लावायचं असतं. पाना लावल्यावर "अजून थोडा" हा मोह आवरा. गिअरबॉक्सचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे. आटे गेले की दोन-अडीच लिटर तेलाची बचत लेथवाल्याकडे जाते.

भरताना बॉनेट उघडून नळी वरून खाली सोडा, टोक भरायच्या भोकात घाला, वर नरसाळं लावा. तेल घट्ट असल्याने सावकाश उतरतं. बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवली तर निम्म्या वेळात काम होतं. नळी खाली बांधून ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा, कारण ती सुटते तेव्हा तुमचं तोंड बरोबर खाली असतं.

पातळीचा नियम सोपा आहे: तेल भोकाच्या खालच्या कडेला येऊन वाहायला लागलं की भरलं. पण हा नियम गाडी सपाट असतानाचा. फक्त पुढून उचललेल्या गाडीत तो फसवतो. म्हणून आधी पुस्तकातल्या मापाएवढं भरा, नट हाताने बसवा, चाक लावून गाडी खाली उतरवा. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागून हात घाला आणि नट पुन्हा उघडा. जास्त असेल ते वाहून जाईल, धार थांबून थेंब पडायला लागले की बंद करा. बोटाला कडेपाशी तेल लागत नसेल तर अजून घाला. जास्त भरलेलं तेल फेसाळतं आणि सीलमधून वाट काढतं. कमी भरलं तर आतल्या बेअरिंगांना झळ लागते.

चाकाचे नट समोरासमोरचे जोड धरून घट्ट करा. पाच-दहा किलोमीटर फिरून या, सगळे गिअर टाकून बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी तो कोरडा हवा. तारीख आणि किलोमीटर गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवा.

उरलं जुनं तेल. ते गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा वाळवी मारायला दाराच्या चौकटीला, कुठेच नको. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यांत भरा आणि ओळखीच्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडे ते पिंपात साठवून शुद्धीकरणासाठी जातं.

आणि अंगातला शर्ट घरच्या कपड्यांबरोबर मशिनमध्ये टाकू नका. तो वास तीन धुण्यांनंतरही टॉवेलला येतो, आणि मग गाडीवर वाचवलेल्या पैशांबद्दल घरात कुणी ऐकून घेत नाही.