अचानक कॅन्सर निघाला तर घरच्यांनी काय करावं

तालुक्याचे डॉक्टर रिपोर्ट वाचतात, पेशंटला बाहेर बसायला सांगतात आणि मुलाला आत बोलावतात. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत कॅन्सरची बातमी अशीच येते, आणि पहिला घोळही तिथंच होतो. ज्याचा आजार, तोच बाहेर.

संध्याकाळपर्यंत भावकी जमते. एक जण म्हणतो मुंबईला न्या, दुसरा म्हणतो हैदराबाद, तिसऱ्याला कुठला तरी जडीबुटीवाला ठाऊक असतो. आपल्याकडं धीर द्यायला माणसं कमी पडत नाहीत. फाईल घेऊन रांगेत उभं राहणारा मात्र शोधावा लागतो. म्हणून या लेखात धीराच्या गोष्टी कमी आहेत आणि कामाच्या जास्त.

आधी दोन दिवस थांबा

एकराचा सौदा, सावकाराकडची चक्कर, रात्रीतून गाडी करून मुंबई, यातलं काहीही पहिल्या दोन दिवसांत करू नका. बहुतेक गाठी महिनोन्‌महिने वाढत आलेल्या असतात. कागद जमवायला चार-आठ दिवस गेले तर नुकसान होत नाही, महिने घालवले तर होतं. याला अपवाद आहेत: दम लागणं, रक्तस्राव न थांबणं, पायातली ताकद अचानक जाणं, रक्ताचा कॅन्सर असल्याची शंका. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

तुकड्याचा रिपोर्ट आणि तो मेणाचा चौकोन

सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये "शंका आहे" लिहिलं म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही. तो बहुतेक वेळा ठरतो तुकडा तपासून, म्हणजे बायोप्सीवर. "सुई लावली की पसरतं" हे गावोगाव ऐकू येतं आणि त्यापायी लोक तपासणीच टाळतात. त्या भीतीत तथ्य नाही. तुकड्याशिवाय कोणता कॅन्सर आणि कोणतं औषध, हे डॉक्टर सहसा ठरवू शकत नाहीत.

तपासणी झाल्यावर लॅबमधून फक्त छापील रिपोर्ट घेऊन येऊ नका. काचेच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीतला मेणाचा लहानसा चौकोन. तुमच्या माणसाचा तुकडा त्यात जपलेला असतो आणि कडेला नंबर लिहिलेला असतो. मोठं रुग्णालय हेच आपल्या लॅबमध्ये पुन्हा तपासतं. हा चौकोन नसेल तर नव्यानं तुकडा काढायची वेळ येऊ शकते. स्लाइड जाड डब्यात ठेवा, आणि मे महिन्यात लातूरच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ब्लॉक ठेवून जेवायला जाऊ नका. मेण आहे ते, वितळतं.

सगळे कागद एका फाईलमध्ये, तारखेच्या क्रमानं लावा. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो घरातल्या दोघांकडं ठेवा.

पेशंटला सांगायचं कसं

यावर घराघरांत भांडणं होतात. "आबांना सांगू नका, खचतील." हेतू चांगला असतो, पण हे लपत नाही. आमच्या नात्यातल्या एका आबांना "गळ्याला साधी गाठ आहे, शेक द्यायचाय" असं सांगून नेलं होतं. रेडिएशनच्या खोलीबाहेर बाकावर शेजारच्या माणसानं सहज विचारलं, "तुमचं कितवं चाललंय?" आबांनी समोरची पाटी वाचली. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. चहा समोर आल्यावर एवढंच म्हणाले, "कागद दाखवा मला." त्यानंतर बरेच दिवस ते घरच्यांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नव्हते. डॉक्टर खरं सांगत असले, तरी आबांना तेही खोटंच वाटायचं.

सांगणारा एकच असावा, आणि ज्याचं पेशंट ऐकतो तोच असावा. तो थोरलाच पाहिजे असं नाही. टीव्ही बंद करा, दार लोटा, शेजारी बसा. आधी विचारा, "आबा, रिपोर्ट आलाय. सगळं सांगू, का मोजकंच?" काहींना सगळं हवं असतं, काही म्हणतात "तुम्ही बघा काय ते". दोन्ही चालतं, पण ते त्यांनी ठरवायचं. मग साध्या शब्दांत सांगा: "गाठीचा तुकडा तपासला. त्यात कॅन्सर निघालाय. त्याला उपचार आहे, पुढं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवू." एवढं बोलून थांबा. पुढची शांतता भरून काढायची घाई करू नका. "काही होत नाही तुम्हाला" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. रडले तर रडू द्या.

घरात लेकरं असतील तर त्यांनाही त्यांच्या वयाप्रमाणं सांगा. आजीचे केस का गेले हे त्यांना शाळेतल्या पोरांकडून कळू नये.

आणि ताटवाटी वेगळी करू नका. कॅन्सर शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं होत नाही. आजारापेक्षा वेगळा ठेवलेला पेला जास्त लागतो, हे पेशंटच सांगतात.

कामं नावानिशी वाटा

"आम्ही सगळे आहोत" म्हणजे कुणीच नाही. रात्री जेवण झाल्यावर बसा आणि वहीत नावं लिहा. फाईल कुणाकडं, डॉक्टरांशी बोलणार कोण, पैशाचा हिशेब कोण ठेवणार, रात्री सोबत कोण झोपणार, गुरं आणि पाणी कोण बघणार. डॉक्टरांशी बोलणारा शक्यतो एकच असू द्या. रोज वेगळा पाहुणा तेच प्रश्न विचारायला गेला की डॉक्टरही तुटक बोलायला लागतात.

आजार घरातल्या बाईला असेल तर ही वाटणी दुप्पट गरजेची. तिच्या छातीतली गाठ तिला कधीची माहीत असते, पण "सोयाबीन निघू दे, मग बघू" म्हणत ती पुढं ढकलते. उपचार सुरू झाल्यावरही दवाखान्यातून आली की चुलीपाशी जाते, कारण दुसरं कुणी जात नाही. भाकरी थापता येणं ही काही जन्मजात कला नाही. पोरांनी शिकावी, नवऱ्यानं शिकावी. नाही जमली तर खिचडी लावावी.

घर ऊसतोडीला जाणारं असेल आणि मुकादमाची उचल घेतलेली असेल, तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. हंगाम धरून उपचाराचं वेळापत्रक बसवता येतं का, कारखान्याजवळ कुठं सोय होईल का, हे आधी विचारता येतं. न सांगता अर्ध्यात सोडून गेलात तर आजार पुन्हा उचल खातो.

कुठं न्यायचं

घाटीच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या अखत्यारीतलं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आमखास मैदानाजवळ आहे. 2012 पासून ते सुरू आहे आणि आता राज्य कर्करोग संस्था म्हणून ओळखलं जातं. धाराशिव, लातूर आणि बीडच्या दक्षिण भागातल्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. मुंबईत परळला टाटा मेमोरियल आहे, 1941 पासूनचं. अवघड किंवा दुर्मिळ कॅन्सरसाठी तिथला सल्ला जरूर घ्यावा.

पण एक हिशेब मांडा. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस आणि बऱ्याचदा पाच ते सात आठवडे चालतं. केमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं महिनोन्‌महिने असते. तेवढे दिवस मुंबईत राहायचं कुठं, खायचं काय, घरी शेत कोण बघणार? मोठ्या ठिकाणी उपचाराची आखणी करून घ्यायची आणि तीच आखणी गावाजवळच्या केंद्रात पार पाडायची, हा मार्ग कितीतरी कुटुंबांना सोयीचा पडतो. "हे उपचार आम्हाला संभाजीनगरला घेता येतील का?" असं सरळ विचारा, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

मुंबईतच राहावं लागलं तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथं पेशंट आणि सोबत्यांची सोय होते. जागा मिळेलच असं नसतं, म्हणून आधी चौकशी करून निघा. नांदेड, परभणी, जालन्याकडून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसनं जाता येतं, लातूरहून लातूर-मुंबई आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं पूर्ण भाडं माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा.

डॉक्टरांपुढं बसल्यावर

प्रश्न घरूनच लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाहीत. कॅन्सर नेमका कुठला आणि कितव्या टप्प्यातला? उपचार आजार मुळासकट घालवण्यासाठी आहे की ताब्यात ठेवण्यासाठी? आधी काय, ऑपरेशन, केमो की रेडिएशन? किती महिने? सगळं सरकारी योजनेत बसतं का? पेशंट तरुण असेल तर पुढं मूल होण्याबद्दलही केमो सुरू होण्याआधीच विचारा, नंतर उशीर झालेला असतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही. चार मतं घेत महिना घालवायला आहे.

तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू व्हायच्या आधी दातांची तपासणी करून घ्या. किडलेले दात नंतर काढणं जोखमीचं ठरतं. पेशंटची तंबाखू, गुटखा, मिश्री पहिल्या दिवसापासून बंद, आणि घरातल्या इतरांचीही, कारण समोर पुडी दिसली की हात जातोच. सोडायला मदत हवी असेल तर 1800112356 हा मोफत क्रमांक आहे.

पैसे

जमिनीला हात लावण्याआधी रेशनकार्ड बाहेर काढा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र राबवल्या जातात, आणि त्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं. ॲडमिट व्हायच्या आधी तिथं जा. योजना कॅशलेस आहे, तेव्हा आधी खिशातून भरलेले पैसे मागाहून परत मिळतील असं धरून चालू नका. चौकशीसाठी 155388 किंवा 18002332200.

हमखास अडतं ते नावाच्या फरकावर. रेशनकार्डावर "कौसाबाई", आधारवर "कौशल्या". केमोच्या आदल्या दिवशी हे कळलं की तहसील आणि सेतूच्या फेऱ्या सुरू होतात. आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा. उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तिथं तो लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय मदतीसाठीही लागतो. या अर्जाला पैसे पडत नाहीत. "करून देतो, एवढे द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

घरी आल्यावर

घरात थर्मामीटर पाहिजेच. केमो सुरू असताना ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर ती तातडीची वेळ आहे, मग रात्रीचे दोन वाजले असोत. गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, आणि गावातच सलाईन लावून घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणत थांबू नका. केमोनं पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यात जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पहिलं वाक्य "केमो चालू आहे" हेच सांगा.

जेवणाबद्दल सल्ले उदंड येतील. कुणी साखर बंद करायला सांगेल, कुणी गोमूत्र आणेल, कुणी फक्त रसावर ठेवेल. पेशंटचं वजन टिकणं यापेक्षा महत्त्वाचं आहे. तोंड आलं असेल तर ठेचा आणि शेंगदाण्याची तिखट चटणी बाजूला ठेवा. ज्वारीच्या मऊ कण्या, मुगाचं वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, नीट उकडलेलं अंडं, थोडं थोडं करून दिवसातून पाच-सहा वेळा द्या. टँकरचं पाणी उकळूनच. काढा किंवा भस्म चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. काही औषधं यकृतावर आणि किडनीवर ताण आणतात, आणि मग दोष केमोच्या माथी जातो.

भेटायला येणाऱ्यांचं काय? रीत मोडवत नाही हे खरं, पण केमोनंतरच्या दिवसांत गर्दी नकोच. ओसरीवर एक खुर्ची टाका, घरातल्या कुणीतरी तिथंच चहा द्यावा आणि तिथूनच निरोप द्यावा. "आमच्या सोयऱ्यालाही हाच होता, गेला बिचारा" असं सांगणारा एक तरी येतोच. त्याला आत सोडू नका.

सोबत करणाऱ्यालाही आठवड्यातून एक रात्र पूर्ण झोप मिळू द्या. पेशंटला किंवा तुम्हाला मन आवरेनासं झालं तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आजार ताब्यात येण्यापलीकडं गेला असेल तरी वेदनेवर उपचार असतो. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षितपणे देता येतात. "कण्हू द्या, आता काय" हे ऐकून घेऊ नका, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारा विभाग कुठं आहे ते विचारा.

घरातल्या बाकीच्यांची तपासणी

धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1,31,746 बायकांना घेऊन 1999 पासून एक मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या, खेड्यापाड्यांतल्या. एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी एकदा केली, तरी त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यातून दिसलं. 2009 साली तो प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. ज्या गावांनी हे दाखवून दिलं, तिथल्याच लेकीसुना अजून तपासणीला लाजतात. तीस वर्षांपुढच्या बायापुरुषांची तोंडाची आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना दिवस विचारा आणि पेशंटच्या पुढच्या तारखेला गाडी निघणारच असेल, तर वाटेत केंद्रावर थांबून सासूसुनांनी दोघींचीही नावं एकदमच नोंदवावीत.