मॉडेल रेल्वेचं काम मधेच रखडू नये म्हणून

अख्ख्या मांडणीचा नकाशा भिंतीवर लावा, पण हात घाला फक्त दोन-तीन फुटांच्या तुकड्याला. रूळ बसले, वायर जोडली की लगेच इंजिन पळवून बघा. डोंगर, झाडं, सिग्नल नंतर. महिनोन्‌महिने नुसतं प्लायवूड बघत बसलं तर भलाभला हौशी माणूसही कंटाळतो.

विषय आपल्या भागातला घ्या. माझं मत विचाराल तर सातपुड्यातली नॅरोगेजच, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वेच घ्या. मूळ रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे 1:87 प्रमाणात जेमतेम पावणेनऊ. एन स्केलचे, म्हणजे त्याहून लहान प्रमाणाच्या मॉडेलचे 9 मिलिमीटरचे तयार रूळ त्याला चालून जातात. त्यांचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) जरा बारीक आणि जवळजवळ असतात, ते खडीत झाकून टाकायचे. वळणंही घट्ट घेता येतात, त्यामुळे छोट्या खोलीत भागतं.

उत्साह ओसरला की नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात चक्कर मारा. सगळं बघत फिरू नका. डब्याची पायरी, कपलिंग (डबे जोडायची कडी), असं एकच काहीतरी निवडा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी ते करायला घ्या.

मे महिन्यात मोठं काम काढूच नका. कूलरच्या ओलाव्याने पुठ्ठा वाकतो, साधं प्लायवूड फुगतं, आणि बिघडलेलं परत करायला मन धजत नाही. तेवढे दिवस कूलर नसलेल्या खोलीत सकाळी लवकर बसून स्टेशनच्या पाट्या, बाकं, सिग्नलचे खांब करून ठेवा.