मराठी मजकूर संगणकाकडून वाचून घेताय? या चुका टाळा

‘शनिवारात पाणी नाही’ आणि ‘शनिवारी पाणी नाही’. पुण्यात वाढलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्यात पेठ आहे, दुसऱ्यात वार आहे. आता हीच दोन वाक्यं एखाद्या तयार प्रोग्रॅममधून काढा. प्रत्यय छाटले जातात आणि दोन्हीकडे उरतं ते फक्त ‘शनिवार’. टँकर कुठे पाठवायचा आणि कधी पाठवायचा, हे दोन वेगळे प्रश्न होते. ते तिथेच एक झाले.

गेली काही वर्षं मी पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या मराठी भाषाप्रक्रियेच्या, म्हणजे संगणकाला मराठी मजकूर समजायला शिकवण्याच्या, प्रकल्पांना मदत करते. फेब्रुवारी उजाडला की फोन सुरू होतात, ‘मॅडम, मॉडेल शिकतच नाहीये.’ मॉडेल म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारा प्रोग्रॅम. समोर बसून मजकूर उघडला की बहुतेक वेळा मॉडेलचा दोष निघत नाही. मॉडेलपर्यंत मराठी पोचलेलीच नसते, वाटेतच मोडलेली असते. त्यामुळे या लेखात मॉडेलपेक्षा त्याआधीच्या पायऱ्यांबद्दलच जास्त लिहिते आहे.

‘पुणे’ कुठे गेलं?

नागरिकांच्या तक्रारींचं वर्गीकरण, म्हणजे पाणी, रस्ते, कचरा, वीज असे गट पाडणं, हा विद्यार्थ्यांचा आवडता विषय. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत सायकिट-लर्न ही तयार लायब्ररी घेतात, शब्दमोजणीचं तयार साधन लावतात आणि पुढे जातात. एका गटाला मी एवढंच म्हटलं, ‘त्याने कुठले शब्द मोजलेत ते पडद्यावर छापा.’ यादी आली. तिच्यात ‘पाणी’ नव्हतं. ‘वीज’ नव्हती. ‘पुणे’ही नव्हतं. ‘रस्ता’च्या जागी ‘रस’ होता, ‘कचरा’च्या जागी ‘कचर’, ‘तक्रार’च्या जागी ‘तक’ आणि ‘सदाशिव’च्या जागी नुसतं ‘सद’. ‘नळ’ आणि ‘बस’ तेवढे धडधाकट राहिले होते.

कारण अगदी साधं आहे. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रात, ‘शब्दातलं अक्षर’ सांगणारी जी खूण आहे, तिच्यात अक्षरं, आकडे आणि अधोरेखा बसतात, पण आपल्या मात्रा, वेलांट्या, उकार आणि हलंत बसत नाहीत. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाने, त्यांना ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात ठेवलं आहे. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. वर त्या साधनाचा मूळ नियम असा, की सलग किमान दोन अक्षरं असतील तरच शब्द धरायचा. ‘पुणे’मध्ये प नंतर उकार आणि ण नंतर मात्रा, म्हणजे दोन अक्षरं सलग कुठेच नाहीत. शब्द अख्खा गायब.

सगळ्यात वाईट म्हणजे यात कुठलीही एरर येत नाही. प्रोग्रॅम चालतो, अचूकतेचा आकडाही छापून येतो, आणि तो आकडा अहवालात जातो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. मूळ नियम वापरू नका. मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडणारं स्वतःचं छोटं फंक्शन द्या, किंवा भारतीय भाषांसाठी बनवलेली इंडिक एनएलपी लायब्ररी वापरा. विरामचिन्हांवर तोडताना ‘डॉ.’, ‘रु.’, ‘कै.’ यांच्यानंतरच्या टिंबाला वाक्याचा शेवट समजू नका. आणि काहीही वापरलंत तरी पहिले दोनशे शब्द छापून डोळ्यांनी वाचा.

‘मराठीत कॅपिटल नसतं, मग अनकेस्डच घेऊ’

हा विचार इतका सरळ वाटतो की चूक करणाऱ्याला दोष देणं जिवावर येतं. २०१८ साली गूगलने बर्ट हे आजूबाजूचे शब्द पाहून अर्थ लावणारं भाषेचं मॉडेल आणलं आणि त्याची बहुभाषिक आवृत्ती दोन प्रकारांत दिली, केस्ड (लहान-कॅपिटल भेद ठेवणारी) आणि अनकेस्ड (तो भेद पुसणारी). आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरं नाहीत, तेव्हा अनकेस्ड घ्यायला काय हरकत, असं वाटतं. पण अनकेस्ड प्रकार अक्षरं लहान करतो आणि त्याबरोबर ‘ॲक्सेंट’ही काढून टाकतो. फ्रेंचच्या अक्षरांवरची चिन्हं जावीत म्हणून लिहिलेला तो नियम देवनागरीचे उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलंतही पुसतो. काना आणि वेलांटी तांत्रिकदृष्ट्या ‘चिन्हां’च्या दुसऱ्या उपवर्गात असल्यामुळे त्या वाचतात.

म्हणून ‘पुणे’चं होतं ‘पण’. शहराचं उभयान्वयी अव्यय झालं! ‘मुलगी’ची ‘मलगी’ होते.

गूगलनेच तेव्हा केस्ड आवृत्ती वापरायची शिफारस केली होती, पण ती ओळ सहसा कुणी वाचत नाही. आज तर पर्याय चांगले आहेत. गूगलचं म्युरिल आहे, एआयफॉरभारतचं इंडिकबर्ट आहे, आणि आपल्या पुण्यातल्या एलथ्रीक्यूब गटाने मराठीसाठी महाबर्ट केलंय. त्याच गटाने मराठीतल्या भावना आणि विशेषनामं ओळखण्यासाठी हाताने खुणा केलेले, म्हणजे माणसांनी योग्य उत्तर नोंदवलेले, डेटासेट खुले केलेत. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण मराठीत नेमका त्याचाच दुष्काळ होता.

मॉडेल कुठलंही घ्या, एक चाचणी मात्र करा. एक वाक्य टोकनायझरमध्ये, म्हणजे मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या साधनात, घाला, आकडे बनवा आणि त्या आकड्यांवरून परत वाक्य बनवा. ‘पुण्यातल्या विहिरींचं पाणी कुठे मुरतं?’ हे वाक्य जसंच्या तसं परत आलं पाहिजे. नाही आलं, तर बहुधा ॲक्सेंट काढणारा पर्याय कुठेतरी चालू राहिलाय. तो बंद करा आणि मगच पुढे जा.

दऱ्या आणि दर्या

सह्याद्रीत दऱ्या असतात आणि कोकण उतरून गेलं की दर्या लागतो. आचाऱ्याला पगार देतात, आचार्यांना नमस्कार करतात. ‘दऱ्या’तला हा अर्धा र मराठीला फार जवळचा आहे आणि संगणकात तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ नंतर हलंत. दुसरी, साधा र, हलंत आणि त्यानंतर ‘झेडडब्ल्यूजे’ नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे शब्द असतात.

मग कुणीतरी इंग्रजीसाठी लिहिलेली साफसफाईची ओळ आणून लावतो, ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका’. ज्यांनी दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलं होतं त्यांच्या सगळ्या दऱ्या एका फटक्यात दर्या होतात.

युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, हे सुटतं असा समज आहे. सुटत नाही, त्या दोन रूपांना ते एक मानत नाही. आधी आपण स्वतः र-हलंत-झेडडब्ल्यूजेचं ऱ-हलंत करायचं आणि मगच उरलेली न दिसणारी चिन्हं काढायची. क्रम उलटा झाला की संपलं. ‘ॲ’चीही गोष्ट तशीच. त्याला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मिळाला तो २००८ सालच्या युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात, आणि नंतरच्याही बऱ्याच मजकुरात, अ वर चंद्र काढून काम भागवलेलं असतं. शोधायला ‘ॲप’ टाकलं की निम्मे निकाल हाती लागत नाहीत, त्यामागे हे असतं.

जुन्या फॉन्टमधल्या फायलींबद्दल थोडक्यात. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छपाईवाल्यांकडून मिळालेला जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल, तर वेलांटीने सुरू होणारे शब्द शोधा. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप करायचे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. असा एक जरी शब्द सापडला तरी रूपांतर बिघडलेलं आहे, फाईल परत बदलून घ्या.

जे काही बदलाल ते नव्या फाईलमध्ये बदला, मूळ मजकुराला हात लावू नका. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ला सुरू होऊन १९६६ पर्यंत चाललं. तिथल्या पंडितांनी एक पाठ निवडला, पण टाकलेले पाठभेदही पानाखाली जपून ठेवले. आपल्याला तर फक्त एक जास्तीची फाईल ठेवायची आहे.

प्रत्यय आणि ‘नाही’ कचऱ्यात टाकणं

आता परत शनिवारकडे. इंग्रजीत शब्दाची शेपटी छाटली तरी बहुतेक अर्थ शिल्लक राहतो, कारण कोण, कुठे, केव्हा हे वेगळ्या शब्दांनी किंवा शब्दांच्या क्रमाने सांगितलेलं असतं. मराठीत ते सगळं प्रत्ययात येतं. शिवाय प्रत्ययाआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. पाणी-पाण्याला, रस्ता-रस्त्यावर, विहीर-विहिरीत. नुसती शेपटी कापली तर ‘पाण्या’ आणि ‘रस्त्या’ उरतात, आणि असे शब्द कुठल्याच कोशात नाहीत. ‘दिव्याला’चं काय करणार? ‘दिव्याला तेल घाल’ म्हटलं तर दिवा, ‘दिव्याला ताप आलाय’ म्हटलं तर शेजारची मुलगी. नुसता शब्द बघून हे कुणालाच ठरवता येणार नाही, मलाही नाही.

बर्टसारखं मॉडेल वापरत असाल तर प्रत्यय छाटूच नका. ते आजूबाजूचं वाक्य पाहून ठरवतं आणि त्याला प्रत्ययांची गरज असते. शब्दमोजणीची जुनी पद्धत वापरत असाल तर मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे करा, पण दोन्ही ठेवा. ‘शनिवार’ एका रकान्यात, ‘त’ दुसऱ्यात.

‘बिनमहत्त्वाचे शब्द’ म्हणून मिळणाऱ्या तयार याद्यांवर डोळे झाकून विसंबू नका. त्यात ‘आहे’, ‘आणि’ यांच्याबरोबर ‘नाही’ही असू शकतो. ‘पाणी येत नाही’मधला ‘नाही’ गेला की तक्रारीची खुशाली होते. नाही, नाहीत, नको, नये, नव्हतं, नसतं हे सगळे यादीतून बाहेर काढा.

पद्धत निवडताना

१९५४ साली जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी रशियन वाक्यांचं यंत्राने इंग्रजी भाषांतर करून दाखवलं, ते अडीचशे शब्द आणि सहा नियम एवढ्यावर. काही वर्षांत प्रश्न सुटेल अशी आशा होती. १९६६ च्या अल्पॅक या अमेरिकी सरकारी समितीच्या अहवालाने ती मोडली आणि अमेरिकेत पैशाचा ओघ आटला. नियमांनंतर आकडेवारीवर चालणाऱ्या पद्धती आल्या, २०१३ ला शब्द आकड्यांत मांडणारं वर्डटूव्हेक आलं, २०१७ ला बर्टच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर ही रचना आली. या क्रमामुळे विद्यार्थ्यांना वाटतं की जुनी पद्धत टाकाऊ आणि नवी तेवढी खरी. मी हे मानत नाही. सामान्यरूप शोधायला लिहिलेले नियम आजही उत्तम काम करतात, आणि चारशे तक्रारींच्या डेटावर वीस ओळींचे नियम मोठ्या मॉडेलला मागे टाकू शकतात. आधी नियमांनी काय जमतं ते मोजा. तो आकडा हाताशी नसेल, तर मोठ्या मॉडेलने काय कमावलं हे कळणार तरी कसं?

शब्दांच्या सदिशांबाबत, म्हणजे शब्दाचा अर्थ मांडणाऱ्या आकड्यांच्या मालिकांबाबत, एक गफलत हमखास होते. ते ज्या विचारावर उभे आहेत तो भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ साली मांडला, शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. पण ‘पाणी चालू’ आणि ‘पाणी बंद’ यांत दोन्ही शब्दांची संगत एकच आहे. स्वस्त-महाग, वेळेवर-उशिरा यांचंही तसंच. म्हणून सदिशांत ते शेजारी बसतात. एका गटाने ‘सारख्या तक्रारी’ एकत्र केल्या तेव्हा ‘आमच्याकडे पाणी चालू झालं, धन्यवाद’ हा निरोप बंद पाण्याच्या तक्रारींत जाऊन बसला होता. एका संगतीत येणं म्हणजे एका अर्थाचं असणं नव्हे. विरुद्धार्थी शब्दांसाठी आयआयटी मुंबईच्या मराठी वर्डनेटचा आधार घ्या, तिथे शब्दांमधली नाती माणसांनी नोंदवलेली आहेत.

आकडा फार चांगला आला तर

आधी दुबार मजकूर शोधा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात एकाने लिहिलेली तक्रार वीस जण जशीच्या तशी पुढे पाठवतात. त्यातल्या पंधरा मॉडेलला शिकवण्याच्या भागात आणि पाच त्याची परीक्षा घेण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या भागात गेल्या, तर मॉडेलला पेपर आधीच फुटलेला असतो. दुबार मजकूर काढा, मगच भाग पाडा. दुसरं, शंभरातल्या ऐंशी तक्रारी पाण्याच्या असतील तर डोळे मिटून ‘पाणी’ म्हणणाराही ऐंशी टक्के मिळवतो. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा पाहा.

इंग्रजी डेटा यंत्राने मराठीत आणून त्यावर शिकवायला एक वेळ चालेल, पण परीक्षा त्यावर घेऊ नका. तसली मराठी कुणी बोलत नाही. परीक्षेच्या मजकुरात ‘आले’ हवं तसं ‘आलं’ही हवं, ‘लाइट गेलीय’ हवं, रोमी लिपीत लिहिलेली मराठीही हवी, कारण लोक तसंच लिहितात.

आणि खुणा एकट्याने करू नका. ‘वा, काय धो-धो पाणी आलंय आज!’ हे वाक्य मी दोन मुलींना दिलं. एकीने समाधान लिहिलं, दुसरीने तक्रार. दोघी आपापल्या जागी ठाम होत्या. वाद मिटेना तेव्हा पुढचं वाक्य उघडलं, ‘बादलीचा तळ सुद्धा भिजला नाही.’ त्या दिवसापासून त्यांनी एकेक वाक्य सुटं न घेता अख्खा निरोप वाचून खूण करायचा नियम केला, आणि आधी केलेल्या सगळ्या खुणा पुन्हा तपासायला घेतल्या.