घाटात काटा चढला की हीटर लावा
सात माणसं, टपावर सामान, मे महिन्याचं ऊन आणि आंबा घाटाची चढण. अशा वेळी भरलेल्या सेव्हन सीटरचं इंजिन तापतं.

इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला की:

१. एसी बंद, काचा खाली.
२. हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. इंजिनची बरीच उष्णता आत ओढली जाते. पोरं कुरकुरतील, कुरकुरू द्या.
३. तरीही काटा उतरेना, तर कडेला थांबून इंजिन बंद करा.

निघण्याआधी, इंजिन थंड असताना, टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिन-मॅक्स खुणांच्या मध्ये आहे ना बघा. कमी असेल तर कूलंटच घाला. बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात.

गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.