गोठ्यासाठी मका साठवताना बुरशीचं विष कसं टाळावं

खरिपाचा मका काढणीला येतो आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. ओली कणसं घाईने सोलून पोत्यात भरली की अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीला हवं ते सगळं मिळतं: २५ ते ३५ अंश ऊब, १४ टक्क्यांवर ओल आणि फुटका दाणा. ती जे विष सोडते ते अफलाटॉक्सिन. दाणा वाळवून, भाजून, शिजवून हे विष जात नाही. बुरशी मरते, विष तसंच राहतं. म्हणून सगळी काळजी पोतं शिवण्याआधीच घ्यायची.

सोलणी यंत्राला लावण्याआधी कणसं निवडा. या कामात अजिबात कुचराई नको, कारण एक खराब कणीस यंत्रातून गेलं की त्याचे दाणे सगळ्या राशीत मिसळतात. अळीने पोखरलेल्या कणसाचं टोक नीट पाहा. भोकाभोवतीच्या दाण्यांमध्ये हिरवट-पिवळी भुकटी दिसली तर अख्खं कणीस बाजूला काढा. पांढरट-गुलाबी बुरशी वेगळी, तिचं विषही वेगळं. गाय ते बऱ्यापैकी सोसते, पण घोड्याच्या मेंदूला ते घातक ठरतं.

ओल्या कणसाची सोलणी केली तर दाणा फुटतो, म्हणून आधी कणसं वाळू द्या. सोललेला मका ताडपत्रीवर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड पसरू नका, तासा-दीड तासाने हलवा आणि दव पडायच्या आत झाका. नुसत्या मातीवर वाळवलेला मका खालून ओल ओढतो.

ओल किती उरली ते मिठाने कळतं. कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा मका घ्या, तव्यावर गरम करून निववलेलं बारीक मीठ दोन-तीन चमचे टाका, मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तरी लगेच पोती भरू नका, साठवणीसाठी १२ टक्के लागतात. आणखी एक-दोन उन्हं द्या. ओलमापकाने आधीची ओल मोजलेली असेल तर वजनानेही ताडता येतं: २० टक्के ओलीचा १०० किलो मका १२ टक्क्यांवर आला की ९१ किलो भरतो.

पोत्यात भरण्याआधी मका चाळा, कारण फुटक्या दाण्यांत आणि चुऱ्यात विष जास्त असतं. उन्हातला गरम मका तसाच भरला तर रात्री पोत्यात घाम धरतो, तेव्हा निवल्यावरच भरा. थप्पी लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब लावा. हवाबंद पिशव्या चांगल्या, पण फक्त पुरेशा वाळलेल्या मक्यासाठी. भरडा पावसाळ्यात आठवड्यापुरताच काढा. सरकी आणि शेंगदाणा पेंड मक्याहून नाजूक असते. पोतं भिजलेलं किंवा पेंडीचा गठ्ठा झालेला दिसला तर घेऊच नका.

दर पंधरा दिवसांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. ऊब लागली किंवा कुबट वास आला तर ते पोतं लगेच बाहेर काढा. मात्र बुरशी दिसत नाही म्हणजे विष नाही, असं समजू नका. खात्री प्रयोगशाळेतच होते, आणि तिथेही नमुना चुकला तर निकाल चुकतो. विष राशीत सारखं पसरलेलं नसतं, मोजक्या दाण्यांत साठलेलं असतं. वरचा ओंजळभर मका पाठवू नका. बऱ्याच पोत्यांतून, वरून-मधून-खालून पोकळ सळईने थोडाथोडा काढा, सगळा एकत्र दळा आणि मग त्यातला नमुना द्या. भारतीय मानकानुसार पशुखाद्यात अफलाटॉक्सिन बी-१ ची (या विषाचा सगळ्यात घातक प्रकार) मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे.

दुधाचा हिशेब असा: गाईने किलोला १०० मायक्रोग्रॅम विष असलेलं चार किलो खाद्य खाल्लं तर पोटात ४०० मायक्रोग्रॅम जातात. त्यातले दोन टक्के दुधात उतरले तरी ८ मायक्रोग्रॅम झाले. दहा लिटर दुधात लिटरला ०.८. देशातली मर्यादा ०.५ आहे. जास्त दूध देणाऱ्या गाईंत हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंत जातं, आणि दूध उकळूनही विष जात नाही. दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध निवळतं.

बुरशीचा मका कोंबड्यांना किंवा वासरांना घालू नका, त्यांना गाईपेक्षा जास्त बाधतो. चांगल्या मक्यात मिसळून खपवूही नका. बेंटोनाइटसारखा विषशोषक खाद्यात घातल्याने थोडंफार अफलाटॉक्सिन बांधलं जातं, पण बुरशीच्या इतर विषांवर त्याचा फारसा उपयोग नाही. मात्रा पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा. खराब मका हाताळताना तोंडाला फडकं नको, चांगला मास्क बांधा, आणि तो विहिरीपासून लांब, जनावरं उकरणार नाहीत इतका खोल पुरा.