मे अखेरच्या भूजल मोजणीला निघण्याआधी

नागपूरचं नळाचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं, म्हणून विहिरी-बोअरच्या नोंदी हा कागदी सोपस्कार आहे असं पुष्कळांना वाटतं. पण बेसा-बेलतरोडीकडे शहर पसरतं तेव्हा बोअर आधी पोचते, नळ मागाहून. या नोंदी नीट हव्यात, आणि त्यासाठी टेपच्या आधी रजिस्टर काढून बसायचं.

प्रत्येक विहिरीपुढे मोजमाप कुठून घेतलं ते लिहिलेलं आहे ना, बघा. कठड्यावरून की जमिनीवरून? मालकाने कठड्यावर दोन फूट वीट चढवली की कागदावर पाणी दोन फूट खाली जातं. आपल्याकडे तर सिमेंट रस्त्यांमुळे जमीनच वर आलीय! म्हणून ऑइल पेंटचा डबा, ब्रश आणि छोटा टेप सोबत घ्या. कठड्याची उंची नव्याने मोजा, खूण ठळक करा आणि पातळी शेवटी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत मांडा. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा, म्हणजे जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये पातळी मोजतं. आपल्या तारखा त्याच्या जवळ ठेवल्या तर आकडे ताडून बघता येतात.

घरमालकांना आदल्या दिवशी फोन करा. "काका, रात्री मोटर बंद केल्यावर सकाळी आम्ही येईस्तोवर सुरू करू नका," एवढं सांगितलं तरी पुरे. बोअरच्या तोंडातून टेप आत जाईल का, तेही तेव्हाच विचारा आणि पाना पिशवीत टाका. शहराच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट, पूर्वेकडे जुना कठीण खडक. पाणी भेगांत असतं, त्यामुळे शेजारच्या दोन बोअरचंही जमेलच असं नाही. वॉर्डाची सरासरी काढायची घाई नको, खडकाचा रकाना मात्र हवा.

स्वयंचलित यंत्र असेल तिथेही हाताने एक मोजमाप घ्याच. हवेचा दाब वजा न करणाऱ्या यंत्रात दाब एक मिलिबारने वाढला की पातळी साधारण एक सेंटिमीटर वर दिसते.

नमुन्यासाठी प्रयोगशाळेची वेळ आधी ठरवा, मग बर्फाची पेटी भरा. बोअर थोडा वेळ चालू द्या, बाटली त्याच पाण्याने विसळा. विहीर जुन्या गटारलाइनला लागून असेल तर नायट्रेट तपासणं टाळू नका. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

दुपट्टा आणि पाण्याची बाटली नागपूरकराला सांगायची गरज नाही.

आकडे त्याच संध्याकाळी शीटमध्ये भरा. विहीर कोरडी असेल तर 'कोरडी' लिहा आणि तळाची खोली द्या. तिथे शून्य टाकलं तर पाणी जमिनीला टेकलंय असा अर्थ होतो. कुलूप असेल तर 'कुलूप', मोटर चालू असेल तर 'मोटर चालू'. गेल्या वर्षीचा आकडा उचलून टाकायचा नाही.