२००५ ची बोर्डो वाइन नागपूरच्या उन्हाळ्यातून वाचवायची कशी, अन् उघडायची कशी

पहिलेच सांगून देतो, मी काही वाइनमधला मास्तर वगैरे नाही, पण एक चांगली बाटली मे महिन्यात स्वतःच्या हातानं मारली आहे अन् दुसरी वाचवली आहे, तेवढ्या भांडवलावर लिहून राहिलो.

मारलेली आधी. माळ्यावर ठेवली होती, आईच्या लोणच्याच्या बरण्यांमागं, अंधार आहे ना मग झालं असं वाटलं. जूनमध्ये काढली तर बूच दोन-तीन मिलिमीटर वर सरकलेलं, वरचं वेष्टन बोटानं फिरवलं तर फिरेना, आतून चिकट झालेलं. उघडली तर मनुका उकळून ठेवल्यासारखा वास. होते काय, की गरमीनं वाइन फुगते, बुचाला ढकलते, कडेनं थोडी झिरपते, मग रात्री जरा गार झालं की त्याच वाटेनं हवा आत ओढते, आणि असं दीड-दोन महिने रोज. स्लॅबखालचा माळा म्हणजे आपल्याकडं भट्टीच आहे बाप्पा, बाहेर ४५ असलं की तिथं काय असेल ते सांगायला नको.

दुसरी बाटली मामेभावानं आणली, शातो लेओविल बार्तों, २००५. गाव सेंट-जुलिअन, फ्रान्समधल्या बोर्डो भागाच्या मेडॉक पट्ट्यातलं. १८५५ साली तिथं वाइनची जी प्रतवारी झाली तिच्यात ही दुसऱ्या श्रेणीत आहे, आणि गंमत अशी की नावात शातो म्हणजे वाडा असून या वाइनला स्वतःचा वाडाच नाही, शेजारच्या लांगोआ बार्तोंमध्ये बनते, दोन्ही बार्तों घराण्याच्याच, १८२० च्या दशकापासून. मुख्य द्राक्ष काबर्ने सोव्हिन्यों.

आता २००५ चं एवढं कौतुक काहून? त्या वर्षी बोर्डोत पाऊस फार कमी झाला, पण २००३ सारखं भाजून काढणारं ऊन नव्हतं (२००३ म्हणजे त्यांचं नागपुरी वर्ष समजा). द्राक्षं लहान राहिली, साल जाड झाली, आणि रेड वाइनचा रंग अन् बरंचसं टॅनिन सालीतून येते. टॅनिन म्हणजे कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते ना, ते. नवीन असताना अशी वाइन तोंडात धरवत नाही, पण तेच टॅनिन तिला वीस-तीस वर्षं उभी ठेवते आणि हळूहळू मऊ होते. १९८२, २००९, २०१० ही पण गाजलेली सालं, त्यातलं २०१० असंच ताठ आणि २००९ जरा गोडगोड स्वभावाचं.

बाटली हातात आली की आधी उजेडात धरा. वीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेपर्यंत किंवा मानेच्या बुडापर्यंत हवी, खांद्याच्या खाली उतरली असली तर फुकटातच घ्यावी. बुचाजवळ ओघळ वाळलेला नको. मुंबईहून आणत असाल तर विमानात चेक-इन बॅगेत, दोन जीन्सच्या मधी. गाडीनं समृद्धीवरून आणायचा विचार असेल तर वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे अन् समृद्धी तिथूनच येते, हे निघायच्या आधी आठवा, टोलनाक्यावर नको. परमिटही काढून ठेवा, एक दिवसाचं पण मिळते.

ठेवायची कुठं, हा खरा प्रश्न. तिला १२ ते १४ अंश पाहिजे, आडवी, अंधारात, हलवाहलव नको. आडवी यासाठी की बूच ओलं राहावं. छोटा वाइन फ्रिज घेणार असाल तर एकच गोष्ट दुकानदाराला विचारा, आत कॉम्प्रेसर आहे का. बिनकॉम्प्रेसरचे स्वस्त येतात, आवाज करत नाहीत, दिसायला लय भारी, पण ते खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जातात, पुण्यात चालत असतील, इथं खोलीच ३८ वर असली तर तो बिचारा काय करेल. कूलरच्या खोलीत ठेवली तरी भागत नाही, दमटपणा बरा मिळतो पण गारवा पुरत नाही आणि लेबलला बुरशी येते ते वेगळं, त्यामुळे लेबलवर किचनमधली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळून घ्या. वेगळा फ्रिज नसेल तर मार्च ते जून घरच्याच फ्रिजमध्ये, भाजीच्या खालच्या कप्प्यात, आडवी. जाणकार नाक मुरडतील, साधा फ्रिज जास्त थंड अन् कोरडा असतो, वर्षानुवर्षं ठेवली तर बूच वाळते, हे खरंच आहे. पण चार महिन्यांचा प्रश्न असला तर माळ्यापेक्षा कोथिंबिरीशेजारी बरी. लाइट गेली तर दार उघडू नका, बस.

उघडायची कधी? डिसेंबर-जानेवारीत, हिवाळी अधिवेशन सुरू झालं की. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी असं जे सगळे सांगतात, ती रूम युरोपातली जुनी दगडी रूम आहे, आपली नाही. म्हणजे १६ ते १८ अंश, आणि आपल्याकडं तेवढी रूम वर्षातून दीड महिनाच असते. बाकीच्या दिवसांत प्यायचीच असेल तर वाढायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ टाकू नका, पाया पडतो.

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो. बूच वीस वर्षांचं आहे, ओपनर सरळ मधोमध घाला अन् हळू ओढा, झटका दिला की तुटलंच. माझं तुटलं. अर्धं आत गेलं, तर चक्का बांधायचं मलमलचं कापड धुऊन, म्हणजे साबणाचा वास जाईपर्यंत तीनदा धुऊन, काचेच्या जगावर लावलं आणि त्यातून गाळली, काही बिघडलं नाही. बूच नीट निघालं तर कापड नको, फक्त बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च लावा आणि एका धारेत जगात ओतत राहा, मधी थांबायचं नाही, थांबलं की गाळ उठतो. मानेकडे काळी रेघ सरकताना दिसली की हात आवरा. शेवटचे दोन-तीन चमचे बाटलीतच राहू द्या.

लगेच थोडी चाखून पाहा. ओल्या बारदानासारखा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूचच खराब निघालं, त्याला इलाज नाही. तसं नसेल तर २००५ ला त्या काचेच्या जगात दीड-दोन तास राहू द्या, आमची पहिल्या घोटाला एकदम गप्प होती, तासाभरानं जांभूळ अन् देवदारच्या लाकडासारखा वास यायला लागला. १९८२ सारखी जुनी असली तर मात्र इतका वेळ नको, गाळ काढा आणि प्या, हवेत लवकर विरून जाते. ग्लास मोठा घ्या आणि तिसरा हिस्साच भरा.

सोबत सावजी नको! मलाही वाईट वाटते, पण तिखटानं टॅनिन आणखी तुरट लागते, अल्कोहोल घशाला जाळते, मग वाइन कुठली अन् तर्री कुठली काही कळत नाही. मेडॉकचे लोक तिथल्या पोयाक गावच्या कोकराचं मटण खातात हिच्याबरोबर, आपण खाटकाकडून चापा आणायच्या, मीठ, काळे मिरे, लसूण, थोडं तूप, तव्यावर खरपूस. संत्रा बर्फी नंतर, ग्लास रिकामा झाल्यावर, कारण गोडावर ही वाइन कडू लागते. आम्ही चौघं होतो, ७५० मिलीची बाटली, दीड-दीड ग्लास आला, अन् बुडाचा गाळ मी दुसऱ्या दिवशी कापडातून गाळून उरलेल्या चापांच्या रश्शात ओतला.